बाभुळगावहून आणलेलं चाक

मुंबईहून आलेली पेटी दुकानात नाही, आधी स्वयंपाकघरात उघडली जायची. दुकान म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली. तिथं धूळ फार, आणि बेअरिंगमध्ये धुळीचा एक कण गेला तरी बाबांना जेवण गोड लागत नसे. म्हणून यवतमाळ स्टेशनावरून हमालानं डोक्यावर आणलेली पेटी माय धुतलेल्या फरशीवर, चुलीपासून लांब ठेवायला लावी. बाबा एकेक खिळा वाकू न देता उपसत. आत लाकडाचा कुरळा, पिवळा कीस असे आणि त्या किसात मेणकागदात गुंडाळलेले मोटारसायकलचे सुटे भाग, घरट्यातल्या अंड्यांसारखे. झाकण निघालं की ग्रीसचा, मेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास घरभर पसरायचा. मी समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्राचा वास असाच असणार, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. भाग बाबांचे आणि कीस मायचा, अशी वाटणी ठरलेली. उन्हाळ्यात त्या किसात आंब्यांची आढी लागे, त्यामुळे आमच्या घरच्या आंब्यांना किंचित ग्रीसचा वास यायचा. पाहुणे नाक मुरडत. आम्हाला तो वास नसलेला आंबा अजून कच्चा वाटायचा.

बाबा मोटारसायकली विकायचे असं लोक म्हणत, पण गाडी विकली जायची वर्षातून तीन-चार वेळा. बाकीचं वर्ष जायचं ते आधीच विकलेल्या आणि दुसऱ्यांनी विकलेल्या गाड्या चालत्या ठेवण्यात. मद्रासला बनणाऱ्या नव्या गाडीचे भाग कागद पाठवला की येत. खरी पंचाईत होती ती जुन्या विलायती गाड्यांची. युद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या या गाड्या फिरत फिरत आमच्या जिल्ह्यात आल्या होत्या. कोणी ओव्हरसियर, कोणी कापसाच्या जिनाचा मॅनेजर, कोणी डॉक्टर त्या वापरी. त्यांचे भाग मुंबईचा एजंट विलायतेहून मागवायचा, पण बाहेरून येणाऱ्या मालावर सरकारनं बंधनं आणली आणि 'माल शिल्लक नाही' अशी उत्तरं येऊ लागली. मग बाबा मुंबईच्या मोडबाजारात चौकशी करत, नागपूरला विचारत, आणि काहीच जमलं नाही तर आमचे मिस्त्री युसूफचाचा तुटलेला भाग घेऊन लेथवाल्याकडे जाऊन बसत.

मुंबईहून माल निघाला की आधी डाकेनं बिल्टी यायची, म्हणजे रेल्वेची पावती. ती हातात पडली की पेटी वाटेत आहे हे कळे. ती मोठ्या गाडीनं मुर्तिजापूरला उतरणार, तिथं फलाटावर एक-दोन दिवस पडून राहणार आणि मग आमच्या छोट्या गाडीत चढणार. छोटी गाडी इतकी सावकाश चालायची, की उतारू मध्येच उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. शाळा नसलेल्या दुपारी मी माजघरात पालथी पडून डोळे मिटायची आणि पेटीबरोबर प्रवास करायची. आता ती मुर्तिजापूरला असेल, तिच्यावर कावळा बसला असेल, आता दारव्हा आलं असेल. दूर शिट्टी वाजली की मी म्हणायची, "माय, पेटी आली!" माय म्हणायची, "पेटी नाही वं, गाडी आली. पेटी आली का नाही ते तुह्या बापाले विचार." पुसद, वणी, दारव्हा इकडे भाग पाठवायचे असले तर त्यांची पार्सलंही तीच शिवायची. गोणपाटाचा तुकडा, दाभण, सुतळी घेऊन ओट्यावर बसायची आणि टाके इतके सारखे घालायची, की पुसदचं एक गिऱ्हाईक म्हणे, तुमचं पार्सल उसवायला जिवावर येतं.

आमच्याकडे विलायती गाड्यांचं एक पार्टबुक होतं. त्याच्याइतकं सुंदर पुस्तक मी पुढे आयुष्यभर शिक्षिका असूनही क्वचितच पाहिलं. त्यात इंजिनाची चित्रं होती, पण इंजिन उघडून त्याचा एकेक भाग हवेत थोडा थोडा दूर सरकवून काढलेली. बोल्ट, वायसर, स्प्रिंगा, दातेरी चाकं, सगळं कोऱ्या पानावर तरंगत असायचं आणि प्रत्येकाजवळ बारीक रेघ ओढून एक आकडा. काहीही तुटलेलं नाही, काहीही जोडलेलं नाही. दुपारच्या उन्हात ते पान उघडून बसलं की आकडे डोळ्यांपुढून विरघळायचे आणि मला वाटायचं, आपणही या वायसरसारखं कुठे तरी हवेत टेकून आहोत.

बाबांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. इंग्रजी पत्रं आधी स्टेशनातले एक बाबू लिहून देत. त्यांची बदली झाली तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि शाळेत माझं इंग्रजी बरं मानलं जाई. एके दिवशी बाबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "लिहून पाह्य बरं. लय मोठं लिहू नको. काय पाह्यजे, किती पाह्यजे, अन् कोण्या गाडीले पाह्यजे." तेव्हापासून पत्रं माझी झाली. मी लिहिलेलं मराठीत सांगायची, बाबा मान डोलवायचे आणि खाली सावकाश, एकेक अक्षर कोरत सही करायचे. मुंबईहून आलेल्या उत्तरावर 'डिअर सर', म्हणजे महाशय, असं लिहिलेलं असायचं. तो महाशय मी आहे, याचं मला आतून फार हसू यायचं. गर्वही यायचा, हे आज कबूल करते.

त्या वर्षी कापसाची वेचणी भरात असताना घाटंजीचे ढोरांचे डॉक्टर कुलथे आमच्या दारात आले ते बैलगाडीतून. गाडीत दोरखंडानं बांधलेली त्यांची जुनी विलायती मोटारसायकल होती, आणि कासरा धरून बसला होता घाटंजीपलीकडच्या बंजारा तांड्याचा नाईक. डोक्याला मोठं पागोटं, कानात वाळ्या, आणि बैलांशी तो त्याच्या बोलीत हळूहळू काही तरी बोलत होता. डॉक्टर साताऱ्याकडचे, माणूस तरुण, पण त्या दिवशी चेहरा पार ओढलेला.

"गाडी बंद पडली हो," ते बाबांना म्हणाले. "आणि नेमकी आता. माझ्या भागात बुळकांडी आलीय."

बुळकांडी हा गुरांचा रोग. तोंड येतं, डोळे गळतात, पोट वाहतं आणि आठवड्याभरात उभं जनावर आडवं होतं. लस होती, पण ती बर्फात ठेवावी लागे आणि एकदा पाण्यात कालवली की काही तासांत टोचून संपवावी लागे. डॉक्टर थर्मासमध्ये बर्फ घालून मोटारसायकलवर निघाले की दिवसात चार गावं करायचे. बैलगाडीनं एक व्हायचं, तेही जवळचं.

युसूफचाचांनी इंजिनाची बाजूची झाकणी उघडली आणि आत बोट घालून तुटलेले चार दाते बाहेर काढले. तळहातावर ते सुपारीच्या खांडांसारखे दिसत होते. "मॅग्नेटोचं चाक गेलं," ते म्हणाले. हे चाक फिरलं तर ठिणगी पडणार, ठिणगी पडली तर गाडी चालणार. एवढंसं चाक, माझ्या तळव्यात मावेल असं.

बाबा मला म्हणाले, "कुसुम, आजच्या डाकेनं पत्र जाऊ दे. पॅसेंजर गाडीनं पाठवा म्हणा, मालगाडीनं नको. अन् इंजिन नंबर पाहून घेजो, बरं का."

इंजिन नंबर खाली कोपऱ्यात, चिखल आणि ग्रीसच्या थराखाली होता. रॉकेल लावून खरवडावा लागला असता. डाक निघायला थोडाच वेळ उरला होता. मी पार्टबुक उघडलं. ते पान मला तोंडपाठ होतं, निदान मला तसं वाटत होतं. सगळी चाकं तिथं एकामागे एक तरंगत होती, मॅग्नेटोचं सगळ्यात शेवटी, पानाच्या काठावर, जणू आता उडून जाईल असं. मी त्याच्याकडे पाहत राहिले, त्याचा आकडा उतरवला, पत्र पुरं केलं आणि धावत जाऊन टपालपेटीत टाकलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, की अमुक इंजिन नंबरच्या आधीच्या गाड्यांना वेगळं चाक लागतं. ती ओळ मी वाचली नाही. आज वयाच्या या टप्प्यावरही कुठलाही कागद हातात आला की मी आधी तळाची ओळ वाचते आणि मग वरची. सून हसते. तिला कारण ठाऊक नाही.

पार्सल यायला अठरा दिवस लागले. त्या दिवसांत डॉक्टर कधी सायकलनं, कधी बैलगाडीनं फिरत होते आणि बर्फ वाटेतच वितळत होता. पार्सल आल्याचं कळवलं तसा नाईक परत बैलगाडी घेऊन आला, दुरुस्त झालेली गाडी डॉक्टरांपर्यंत न्यायला. स्वयंपाकघरात मेणकागद उलगडला. चाक नवं, पिवळंधमक, सुंदर होतं. युसूफचाचांनी ते मागच्या दाराशी आणलेल्या गाडीच्या दांड्यावर बसवलं, शेजारच्या चाकाला भिडवलं, काढलं, पुसलं, पुन्हा भिडवलं. मग ते उंच धरून दाते मोजू लागले. त्यांचे ओठ हलताना मी पाहत होते.

"बेटी," ते म्हणाले, "हे आपल्या गाडीचं नाही. दोन दाते जादा आहेत."

मी पार्टबुक आणलं. आता ती तळाची ओळ मला एवढी मोठी दिसली, की पानावर दुसरं काही नव्हतंच. चाचांनी रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनाचा कोपरा पुसला. नंबर जुना होता.

दारात नाईक उभा होता. त्याला बाबांनी हळू आवाजात सांगितलं. तो ओरडला नाही. पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "बुळकांडी तांड्यात आली, शेठ. डॉक्टरसाहेब तीन गावं करून आले, आमचा तांडा लांब पडते. धुरपताबाईची जोडी काल गेली. एकाच दिवशी दोनी बैल."

"बाबा," मी म्हणाले, "चूक माही हाये. तुम्ही नंबर पाह्य म्हणतलं होतं. मी नाही पाह्यला."

मला वाटलं आता हात उठेल. बाबांनी हात उचलला तो डोक्याला लावायला. मग म्हणाले, "रडून दाते जुळत नाहीत. गाड्याईची वही काढ."

ही वही फक्त गाड्यांची होती. जिल्ह्यातली जी मोटारसायकल एकदा आमच्या दारात आली, तिचं वर्ष, इंजिन नंबर, मालक आणि गाव त्यात लिहिलेलं असे. मुंबईहून दुसरं चाक यायला पुन्हा तितकेच दिवस, आणि ते असेल की नाही याचा भरवसा नाही; असे बारीक दाते आमच्या लेथवाल्याला कापता येत नसत. तेव्हा जुन्या नंबरचं चाक ज्या गाडीत आधीपासून बसलेलं आहे ती शोधायची आणि तिच्यातून ते मागून आणायचं. आमच्या धंद्यात हा शेवटचा उपाय होता, कारण त्यात एका माणसाची गाडी उभी करून दुसऱ्याची चालवायची असते. मी ओळीनं बोट फिरवत गेले. तशा चार गाड्या निघाल्या. एक नागपूरला गेलेली, एक जळालेली, एक रोज रस्त्यावर असणारी. चौथी बाभुळगावची, तिथल्या जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरची.

ते नाव ऐकून बाबांनी वही मिटली. मॅनेजर दोन वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेले होते. गाडी त्यांच्या घरीच उभी होती.

"मी नाही जाऊ शकत तेथी," बाबा म्हणाले. "ते गेले अन् महिन्याभरात मी गाडीचा भाव विचाराले गेलतो. दारात अजून त्याईच्या चपला होत्या, पोरी. त्या बाईनं मले पाणी देल्लं अन् गाडी विकायची नाही म्हणतलं. कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"मैं जाता हूँ," युसूफचाचा म्हणाले.

माय इतका वेळ चुलीपाशी होती. ती मागे न वळता म्हणाली, "पोरीले घेऊन जा. बोलाचं तिनंच. चूक तिची हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आणि चाचा निघालो. नाईक आमच्याकडेच थांबला. बाभुळगावच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना लांबपर्यंत पांढरे पुंजके अडकलेले. जिन चालू होता. त्याची घरघर गावाबाहेरूनच ऐकू येई, कानांनी नाही, पायांतून. हवेत रुईचे बारीक तंतू तरंगत होते आणि उन्हात चमकत होते. सगळं गाव अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं वाटत होतं. त्या स्वप्नातून मी मनात वाक्यं जुळवत चालले होते आणि एकही पूर्ण होत नव्हतं.

मॅनेजरांच्या पत्नी विमलताई जिनाच्या मागच्या बाजूला एका लहानशा घरात राहत आणि मुलींच्या शाळेत शिकवत. पस्तिशीच्या असाव्यात. अंगणात लिंबाचं झाड होतं आणि पडवीत एका जुन्या धुवट चादरीखाली मोटारसायकल. चादरीवर रुईचा एकही तंतू नव्हता. म्हणजे ती रोज झटकली जात होती. मला अजून आठवतं, ते पाहून माझं पाऊल उंबऱ्यावर अडलं.

त्यांनी आम्हाला बसवलं, चहा ठेवला. मी चहा येण्याआधीच बोलले. पत्र, इंजिन नंबर, न वाचलेली ओळ, धुरपताबाईची जोडी, सगळं. कुठे थांबायचं ते कळेना म्हणून शेवटी म्हणाले, "मले तुमच्या गाडीतलं चाक पाह्यजे. मी परत देईन. कवा, ते माहीत नाही."

विमलताई हातातली कपबशी धरून उभ्याच होत्या. "चाक काढलं तर ही गाडी चालणार नाही ना?"

"नाही."

"दोन वर्षांत ती एकदाही चालली नाही," त्या म्हणाल्या. "तरीही चालू शकते, असं वाटायचं." मग म्हणाल्या, "तुझे वडील का नाही आले?"

मी चाचांकडे पाहिलं. चाचा जमिनीकडे पाहत होते. "त्याईले लाज वाटते," मी म्हणाले. "मागच्या वेळेची."

त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. "मलाही राग होता बरेच दिवस," त्या म्हणाल्या. "मग गेला. त्यांना सांग." कपबशी खाली ठेवून त्या पडवीत गेल्या आणि चादर स्वतः ओढून घडी करू लागल्या, चारही टोकं नीट जुळवून. "माझ्यासमोर काढा. आत काय असतं ते मी कधी पाहिलं नाही. ते रविवारी उघडून बसायचे, तेव्हा मी स्वयंपाकघरात."

चाचांनी आपली पिशवी उलगडली, वर्तमानपत्र पसरलं आणि काम सुरू केलं. ते एकेक भाग काढून कागदावर मांडत होते आणि विमलताई जमिनीवर बसून विचारत होत्या, हे काय, ते कशाला. चाचांनी मला सांगायला लावलं. मी सांगत गेले. पार्टबुकातलं ते तरंगणारं पान इथं पडवीत कागदावर उतरलं होतं, फक्त आता प्रत्येक वस्तूला वजन होतं, आणि ती उचलली की खाली तेलाचा गोल डाग राहत होता. चाक निघालं. दोन वर्षं तेलात राहून ते मधासारखं चकाकत होतं. दाते सगळे शाबूत. विमलताईंनी ते क्षणभर हातात धरलं, बोटांना लागलेलं तेल पदराला न पुसता तसंच राहू दिलं आणि चाक माझ्या हातात दिलं.

"जा लवकर," त्या म्हणाल्या. "बारा वाजता यवतमाळची गाडी आहे."

दुपारी उन्हं कलायच्या आत डॉक्टरांची मोटारसायकल आमच्या दारात पहिल्या लाथेला सुरू झाली. बाबांनी ती नाईकाच्या बैलगाडीत चढवलीच नाही. स्वतः बसले, युसूफचाचांना मागे घेतलं आणि थेट घाटंजीला नेऊन डॉक्टरांच्या हाती दिली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तांडा केला, आणि त्यापुढच्या आठवड्यात आसपासची सगळी गावं. जी जनावरं आधीच आजारी होती त्यांतली काही गेली. पण रोग पुढे सरकला नाही.

महिन्याभरानं बाबांबरोबर मी तांड्यावर गेले. धुरपताबाई म्हातारी होती. दारात बसून आरशांच्या तुकड्यांची कांचळी, त्यांची चोळी, शिवत होती, आणि मागे गोठ्यात दोन रिकामे खुंटे होते. नाईकानं माझी ओळख करून दिली. मी तिलाही सांगितलं. नंबर म्हणजे काय हे तिला नाईकानं त्यांच्या बोलीत समजावलं. ऐकून ती सुईत दोरा ओवत राहिली.

"टायमावर गाडी येती तर माहे बैल वाचले असते?"

"वाचले असते, आजी. डॉक्टरसाहेब तसं म्हणतात."

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं. उठून तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. त्या हंगामात नाईकानं आपली जोडी तिच्या वावरात दिली आणि बाबांनीही काही केलं. काय केलं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही.

माझं काम अजून उरलं होतं. बाभुळगावचं चाक परत करायचं होतं. मुंबईहून उत्तर आलं, माल नाही, आणि यापुढे येण्याची आशा नाही. मी मोडबाजारात लिहिलं, कलकत्त्याला लिहिलं. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. मग एके दुपारी ते चुकीचं, दोन दाते जास्त असलेलं नवंकोरं चाक हातात घेऊन बसले असताना मला सुचलं, की आपल्याला जे नको ते कुणाला तरी हवंच असणार. मी नागपूर, अकोला, अमरावती, जबलपूर, जिथं जिथं गाड्या विकणारे ठाऊक होते तिथं एकच पत्र लिहिलं: आमच्याकडे हे चाक आहे, तुमच्याकडे ते आहे का? इंजिन नंबर प्रत्येक पत्रात दोनदा लिहिला. जबलपूर लष्कराचं गाव, तिथं जुन्या गाड्या खूप. तिथल्या एका दुकानदारानं हिंदीत पोस्टकार्ड पाठवलं, की तुमचंच चाक मी चार महिने शोधतोय, आणि तुम्हाला हवं ते माझ्याकडे डब्यात पडलं आहे. मायनं गोणपाटाचं बोटभर लांबीचं पार्सल शिवलं आणि त्यावर लाखेचा ठिपका दिला. पंधरा दिवसांनी जबलपूरचं पार्सल आलं. युसूफचाचांनी दाते मोजले. मीही मोजले. मायनंही मोजले.

चैत्र लागला होता. या वेळी बाबाही आमच्याबरोबर आले. रस्त्याच्या कडेचे पळस झडून गेले होते आणि कापसाच्या गाड्या थांबल्या होत्या. जिन हंगाम संपल्यामुळे बंद. त्या घरघरीशिवाय बाभुळगाव इतकं शांत होतं, की विमलताईंच्या लिंबावरून पान पडलेलं ऐकू येत होतं. बाबा अंगणात उभे राहिले आणि पागोट्याला हात लावून म्हणाले, "ताई, मागे मी चुकलो." विमलताई म्हणाल्या, "या, आत या. ऊन फार आहे."

चाचांनी चाक बसवलं. कार्ब्युरेटर धुतला, प्लग घासला, तेल बदललं. बरोबर आणलेली पेट्रोलची बाटली टाकीत ओतली. अर्धी बाटली, चालतं की नाही पाहण्यापुरती. पहिल्या पाच-सहा लाथांना काही झालं नाही. मग आत काही तरी खोकल्यासारखं झालं, निळा धूर पडवीभर पसरला आणि गाडी सुरू झाली. काय आवाज होता तो! चिमण्या उडाल्या, शेजारची माणसं कुंपणाशी आली, जिनाचा म्हातारा चौकीदार काठी टेकत धावत आला आणि दारातच थबकला.

विमलताई दोन्ही हात कानांवर ठेवून हसत होत्या. "किती मोठा आवाज आहे!" त्या ओरडून म्हणाल्या. "मी विसरलेच होते! रोज सकाळी भांडायची मी त्यांच्याशी, की कोपऱ्यापर्यंत ढकलत न्या, मग सुरू करा, सगळं गाव उठतं. किती भांडायची!" आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले, पण हसणं थांबलं नाही.

चाचांनी हात कळीकडे नेला. "बंद करू, ताई? इंजिन तापून राह्यलं."

"नका," त्या म्हणाल्या. "राहू द्या."

बाबा खांबाला टेकून, चौकीदार काठीवर हनुवटी ठेवून, मी पायरीवर, सगळे त्या आवाजात उभे होतो. पाच मिनिटं असेल, दहा असेल. हळूहळू आवाज तुटायला लागला. टाकीतले शेवटचे थेंब संपत आले होते. दोन ठोके, मग एक, मग पुष्कळ वेळानं आणखी एक. विमलताईंनी कानांवरचे हात काढले आणि पदरानं तोंड पुसलं.

"चला," त्या म्हणाल्या, "पानं मांडते. सगळे जेवून जा."